चारा नाक्यावरचा अडसर

किश्श्यांचं रिकाम्या डब्यांसारखं असतं. कशासाठी ठेवतो ते सांगता येत नाही, टाकवत तर मुळीच नाहीत, आणि बघता बघता माळा भरतो. माझी सगळी नोकरी महसुलात गेली. खुर्च्या बदलल्या, साहेब बदलले, पण माझ्या माळ्यावरचे निम्मे डबे एकाच ठिकाणचे आहेत. उदगीरहून मुखेडकडे जाणाऱ्या एका आडरस्त्यावरचा चारा नाका! गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून लग्नाकार्यात भेटतात आणि भेटली की आधी मलाच चिडवतात.

लातूर जिल्हा तेव्हा नवाकोरा. कचेरी नवी, शिक्के नवे, फायलींना अजून धूळसुद्धा चढलेली नव्हती. आणि नव्या जिल्ह्याच्या नशिबी आला दुष्काळ. हुकूम निघाला की जनावरांचा चारा जिल्ह्याबाहेर जाऊ द्यायचा नाही, हद्दीवर नाके बसवा.

आमच्या नाक्यावर तिघांचा स्टाफ. बिरादारसाहेब मुख्य. उदगीरचेच, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, आणि नियम म्हटला की आंघोळीचं पाणीसुद्धा विचारून घेणारे. गफारभाई शिपाई, म्हणजे दोरी ओढणारे. आणि मी कारकून, म्हणजे बाकी सगळं.

नाका म्हणजे एक लिंबाचं झाड, एक पत्र्याची टपरी आणि रस्त्यावर एक आडवा वासा. वाशाच्या एका टोकाला दगड बांधलेला, दुसऱ्या टोकाला दोरी. दोरी सोडली की वासा वर, ओढली की खाली. ऑर्डरमध्ये त्याचं नाव होतं 'बॅरियर'. गफारभाई त्याला 'डंडा' म्हणायचे. गावानं मात्र पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, अडसर!

आता आमच्याकडं अडसर म्हणजे दारामागं, भिंतीतल्या भोकात सरकवायचं आडवं लाकूड. तो टाकला की घर बंद. मी पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्याला म्हणालो, "अहो, अडसर म्हणताय, पण इथं दार कुठाय?"

म्हातारा म्हणाला, "दार करतेल की सवडीनं. जिल्हा नवा हाय. सध्या अडसर तरी आला!"

* * *

अडसर होता फक्त रस्त्यापुरता. दोन्ही बाजूंना मोकळी रानं. पीक नाही, कुंपण नाही, काही नाही. पहिल्या दिवशी एक रिकामी बैलगाडी बाजूच्या रानातून वळसा घालून निघाली, तेव्हा बिरादारसाहेब टपरीतून धावत आले.

"बाजूनं जायचं नाही!"

"का सायेब? गाडीत काय न्हाई."

"मग अडसर कशाला लावलाय?"

गाडीवान विचारात पडला. त्याला ते पटलं म्हणे! गाडी मागं घेतली, अडसरापुढं उभी केली, गफारभाईंनी दोरी सोडली आणि मग तो गेला. ही गोष्ट पंचक्रोशीत पसरली. तेव्हापासून बाजूनं कुणी गेलं नाही.

पुढं एकदा वाशाचा दगड निसटून पडला. दगड नाही म्हटल्यावर वासा वर जाईना. इकडून मुखेडची एसटी येऊन उभी, तिच्यामागं गाड्या, सायकली, शेळ्या. दगड पुन्हा बांधायला नवा दोर हवा, तो आणायला गफारभाई गावात गेलेले. पाशिंजर कंटाळले. खाली उतरले, बाजूच्या रानातून चालत पलीकडं गेले, पलीकडच्या हॉटेलात चहा प्याले आणि त्याच रानातून परत अलीकडं येऊन गाडीत बसले!

मी ड्रायव्हरला हळूच म्हणालो, "अहो, कशाला खोळंबताय, रानातून काढा की गाडी."

ड्रायव्हरनं माझ्याकडं असं बघितलं की मीच चोर! म्हणाला, "भाऊसाब, तुमी सरकारी माणूस आन तुमीच असं शिकवायलाव?"

* * *

उन्हाळा लागला तशा शेवया सुरू झाल्या. दुष्काळ असला म्हणून लग्नं थांबतात होय! शेवया वाळवायला आडवी काठी लागते, आणि गावात सगळ्यात लांब, सरळ आणि भर उन्हातली आडवी काठी कुणाची? सरकारची!

एक दिवस मी जेवून येतो तर अडसरावर टोकापासून टोकापर्यंत ओल्या शेवया लोंबतायत. बाया सावलीला बसलेल्या. गफारभाई दोरी धरून हताश उभे. तेवढ्यात एसटी आली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. एका बाईनं तिथूनच हात केला, "ओल्या हायत अजून! अडसर वर केला की सगळ्या घसरतेल. जरा थांबा की, दादा."

ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, गाडीला टाइम असतोय!"

"शेवयांलाबी असतोय!"

आता साहेब काय करतात म्हणून आम्ही सगळे बघायला लागलो. साहेब टपरीतून बाहेर आले. चेहरा लाल. सरकारी मालमत्तेवर शेवया! सरळ अडसरापाशी गेले, एक शेवई बोटात धरून वाकवून बघितली. ती मोडली नाही, नुसतीच वाकली. साहेब ड्रायव्हरकडं वळले.

"ओल्या आहेत," म्हणाले, आणि आत गेले.

* * *

आता शेवंतामावशी. हिच्याशिवाय नाक्याची गोष्ट पुरी होत नाही. मावशी एकटी. नवरा मागंच गेलेला, लेक सासरी. शेत आणि गोठा अडसराच्या पलीकडं, म्हणजे नांदेड जिल्ह्यात. राहतं घर आणि कडब्याची गंजी अडसराच्या अलीकडं, म्हणजे लातूर जिल्ह्यात. गोठ्यात एकच बैल, लाल कंधारी जातीचा, तांबड्या. जोडीचा दुसरा हाळीच्या बाजारात विकावा लागला होता. शेजारच्या नागोरावकडंही एकच बैल उरलेला. दोघांचं ठरलं होतं की तुझा एक, माझा एक, सावडीनं पेरू. म्हणजे तांबड्या पेरणीपर्यंत जगला तर दोन घरांची पेरणी होणार होती, नाहीतर एकाचीही नाही.

हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल, दर बाजाराच्या आदल्या दिवशी तिच्या दारात यायचा. "मावशे, आज इकलास तर बैल हाय. पुढच्या बाजाराला कातडं इकावं लागंल."

मावशी म्हणायची, "तुजं कातडं आधी संभाळ."

पण तो गेला की ती नाक्यावर येऊन बसायची आणि पलीकडच्या गोठ्याकडं बघत राहायची. मला तिचं फार वाईट वाटायचं.

तर नाका सुरू झाला त्याच दिवशी मावशी डोक्यावर कडब्याचा भारा घेऊन आली. साहेबांनी अडवलं.

"चारा जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी आहे."

"जिल्ह्याभाईर कुठं? माज्या गोठ्यात न्यायलेय."

"गोठा नांदेडात आहे."

"आवो सायेब, त्यो काय गोठा! शेपूट दिसायलंय बैलाचं!"

"शेपूट दिसतंय ते नांदेडातलं."

मावशीनं भारा खाली टाकला. साहेबांकडं बघितलं, शेपटाकडं बघितलं, आणि अडसराखालून वाकून पलीकडं गेली. थोड्या वेळानं तांबड्याला दाव्याला धरून घेऊन आली.

"बंदी चाऱ्याला हाय. बैलाला न्हाई न्हवं?"

साहेबांनी ऑर्डर काढून वाचली. बैलाला बंदी नव्हती. गफारभाईंनी दोरी सोडली. तांबड्या लातूर जिल्ह्यात आला, गंजीवर गेला, पोटभर कडबा खाल्ला आणि परत निघाला. तो अडसरापाशी पोचला आणि साहेबांच्या डोक्यात किडा वळवळला.

"थांबा! चारा चाललाय."

"कुठाय चारा?" मी विचारलं.

साहेबांनी बैलाच्या पोटाकडं बोट दाखवलं.

गफारभाई म्हणाले, "साब, वो तो खा गया!"

"गिळलाय. खाल्लेला नाही. बैल आधी गिळतो, मग पुन्हा तोंडात आणून चावतो. रवंथ होईपर्यंत तो चाराच."

मावशी कंबरेवर हात ठेवून उभी. मला वाटलं, आता ही साहेबांना दाव्यानं मारते. पण ती म्हणाली, "म्हंजी रवंत झाला की सोडताव?"

"झाला की सोडतो."

मावशीनं तांबड्याला लिंबाखाली बसवलं. आणि तेव्हापासून रोजचा कार्यक्रम ठरला! तांबड्या यायचा, गंजीवर जेवायचा, नाक्यावर येऊन लिंबाखाली बसायचा आणि डोळे मिटून रवंथ करायचा. समोर खुर्ची टाकून बिरादारसाहेब त्याच्या जबड्याकडं बघत बसायचे. जबडा थांबला की गफारभाई ओरडायचे, "मूं रुक्या, साब!" साहेब म्हणायचे, "उठाव!" मग अडसर वर आणि बैल नांदेडला.

एकदा मीच गमतीनं साहेबांना विचारलं, "रवंथ झाला, पण शेण तर नांदेडात पडणार. त्याचं काय?"

साहेब खरोखर विचारात पडले. मावशीनं ते ऐकलं आणि ताडकन म्हणाली, "सायेब, पाटी घिऊन येते. लातूरचं लातूरला वापस देते. कुठं ठिवू, टेबलावर?"

हा विषय साहेबांनी पुन्हा काढला नाही.

* * *

रोजच्या या कवायतीनं तांबड्या शिकला. गावातली माणसं कायदा पाळायची ती भिऊन. तांबड्या पाळायचा मनापासून. अडसरापाशी आला की उभा. अडसर आधीच वर असेल तरीसुद्धा उभा! त्याच्या डोळ्यांदेखत खाली येऊन वर गेला पाहिजे, तरच पाऊल पुढं. त्याच्यासाठी गफारभाई उघडा अडसर एकदा खाली घ्यायचे आणि परत वर सोडायचे.

एक दिवस वरचे मोठे साहेब अचानक पाहणीला आले. त्यांची जीप मागून, आणि नेमका पुढं तांबड्या घरी निघालेला. गफारभाईंनी लांबून जीप बघितली आणि घाईघाईनं अडसर वर करून सलाम ठोकला. तांबड्या रस्त्याच्या मधोमध थांबला. जीपनं हॉर्न दिला. तांबड्या हलेना. ड्रायव्हर उतरला, ढकललं. कशाचं काय!

बिरादारसाहेब घामानं निथळलेले. गफारभाईंनी शेवटी दोरी ओढली आणि मोठ्या साहेबांच्या जीपसमोर अडसर खाली घेतला! मग दोरी सोडली. अडसर वर गेला, तांबड्या डुलत डुलत पलीकडं गेला.

मोठे साहेब जीपमधून बघत होते. त्यांनी विचारलं, "हा बैल शासनाचा आहे का?"

गफारभाई सलामाचा हात खाली न घेता म्हणाले, "न्हई साब, पब्लिक हय. मगर कायदा मानता."

मोठे साहेब जाताना ड्रायव्हरला म्हणाले, "पुढच्या नाक्यावर थांबू नकोस."

* * *

चारा चोरून नेणारे काय कमी होते? एकजण गाडीवर आख्खं छप्पर घालून आला.

"सायेब, ह्यो चारा न्हाई. छप्पर हाय. मुखेडाला भयनीचं घर उगडं पडलंय."

होतं खरं ते छपराच्या आकाराचं. पण सगळा कडबा! साहेबांनी चहूबाजूंनी फिरून बघितलं. नियमात छपराला बंदी नव्हती. मग त्यांची नजर लिंबाखाली गेली.

"तांबड्याला आणा."

तांबड्याला गाडीपाशी आणलं. त्यानं हुंगलं आणि छपराचा कोपरा ओढून खायला सुरुवात केली. साहेब म्हणाले, "बैल तोंड लावतो तो चारा. जप्त!" भावाला बहिणीचा पुळका होता तो तिथंच ओसरला आणि छप्पर नाक्यावर टाकून तो पळाला.

साहेबांना आपली ही कसोटी इतकी आवडली की त्या दिवशी येईल ते तांबड्यासमोर धरायला लागले. आता दुष्काळातला बैल! त्यानं पळसाच्या पत्रावळींचा गठ्ठा खाल्ला, पत्रावळी जप्त. एका पाशिंजराची टोपी खाल्ली, उरलेली टोपी जप्त. माझ्या डब्यातली भाकरी खाल्ली. तिला मीच हरकत घेतली नाही.

दुपारी लग्नाची गाडी आली. उदगीरकडचा नवरदेव, मुखेडाकडची नवरी, मुहूर्त तोंडावर आलेला. नवरदेवाला पुढं बसवलेलं, कपाळाला ताज्या फुलांच्या मुंडावळ्या. दुष्काळात फुलं कुठून आणली देव जाणे! गाडी तपासायला थांबली आणि कुणी काही म्हणायच्या आत तांबड्यानं मान वर करून एका बाजूच्या मुंडावळ्या ओढून खाल्ल्या.

नवरदेव अर्धा सजलेला. साहेबांनी घसा खाकरला.

"चारा आहे. पलीकडं जाणार नाही."

नवरदेवाचा मामा हात जोडून पुढं आला. "सायेब, मुंडावळ्या ठिवून घ्या. पर नवरदेव तरी जाऊ द्या!"

गफारभाई म्हणाले, "जल्दी उठाव साब, बैल अब्बी नवरदेव कू चाटरा हय!"

अडसर वर गेला. त्या नवरदेवानं पुढं संसार चांगला केला. पण म्हणे अजून बैल दिसला की कपाळावर हात ठेवतो.

* * *

मग पाऊस झाला. मुखेडच्या अंगाला चांगला, आमच्याकडं बेताचा. बंदी उठली आणि नाका बंद करायची ऑर्डर आली. एका दिवशी ट्रॅक्टर आला. टपरीचे पत्रे, खांब, वासा, दगड, सगळं त्यात चढवून उदगीरला रवाना झालं. मागं राहिले खांबांचे खड्डे आणि लिंबाखाली आपापल्या ट्रंकांवर बसलेला स्टाफ. आम्हाला उदगीरची परतीची गाडी पकडायची होती.

तांबड्या त्या दिवशीही सकाळीच गंजीवर आला होता. पेरणीआधी पोटभर खाऊ दे, म्हणून मावशीनंच आणला होता. तो आला तेव्हा अडसर जागेवर होता. लिंबाखाली रवंथ करून उठला तेव्हा अडसर नव्हता.

पलीकडं रानात नागोराव तिफण घेऊन तयार. एक बैल उभा, एका बैलाची जागा रिकामी. जमिनीला वाफसा आलेला, म्हणजे ओल पेरणीला बरोबर आणि वरून ऊन तापायला लागलेलं. तो तिथूनच ओरडत होता, "मावशे, आण की बैल! वाफसा चाललाय!"

मावशीनं तांबड्याला हाकललं. तांबड्या अडसराच्या जागेपाशी आला आणि थांबला.

ती म्हणाली, "चल रं माज्या राजा." थांबलेलाच. दावं ओढलं. शेपूट पिरगाळलं. मी ढकललं, गफारभाईंनी ढकललं. गफारभाई त्याच्या कानाशी जाऊन म्हणाले, "अरे गया रे वो डंडा, उदगीर कू गया!" तांबड्या वर बघत होता. वरून काहीतरी खाली येईल आणि मग वर जाईल, याची वाट बघत. बाजूच्या रानातून न्यायला गेलो तर पाय रोवून उभा. बाजूनं जायचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

मागं मुखेडची एसटी येऊन उभी राहिली. नागोरावचा आवाज आता रडवेला झाला होता. मावशी रस्त्यातच मटकन खाली बसली. "आख्खा दुस्काळ जगला सायेब ह्यो," ती म्हणाली. "जगला आन आता हितं उभा ऱ्हाऊन माजी पेरणी बुडवायलाय."

मग उठली आणि सरळ बिरादारसाहेबांच्या ट्रंकेसमोर जाऊन उभी राहिली.

"तुमी शिकवलंय त्याला. आता तुमीच सोडा."

साहेब उठले. टोपी सारखी केली. रस्त्याच्या कडेला, जिथं खांब होता त्या खड्ड्याशेजारी जाऊन ताठ उभे राहिले, आणि उजवा हात रस्त्यावर आडवा धरला. बोटांच्या टोकापर्यंत सरळ.

एसटीतली माणसं खिडक्यांतून बाहेर लोंबली. कुणी हसलं नाही. तांबड्यानं मान वळवून साहेबांच्या हाताकडं बघितलं.

गफारभाई आपल्या नेहमीच्या जागी जाऊन उभे राहिले. त्यांनी तांबड्याचा जबडा बघितला.

"मूं रुक्या, साब!"

साहेबांनी हात वर केला.

तांबड्या निघाला. मावशी त्याच्यामागं पळत सुटली, चप्पल रस्त्यातच राहिली तरी मागं बघितलं नाही. पलीकडं नागोरावनं जू उचलून धरलं आणि तांबड्यानं त्याखाली मान घातली. तिफण चालायला लागली तेव्हा गफारभाई डोळे पुसत होते. मीही पुसत होतो, सांगायला कसली लाज!

एसटीच्या ड्रायव्हरनं गिअर टाकला. गाडी जरा पुढं सरकली आणि खचकन ब्रेक लागला.

साहेबांचा हात पुन्हा आडवा झाला होता.

ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "साहेब?"

बिरादारसाहेब म्हणाले, "गाडीत काय आहे?"